एम ते झेडचा अर्ज

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिचटोला नावाचं गाव आहे, आणि त्या गावात सोमाजी बोबाट्यासारखा इंग्रजी जाणणारा दुसरा माणूस नव्हता. हे वाक्य सोमाजी स्वतःच सांगत असे. पहिला तरी कुठी हाय, असं त्याच्या शेजाऱ्याचं, नथ्थू भोयरचं म्हणणं होतं.

सोमाजी मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, दिवाणजी होता. मालगुजारी गेली, मालगुजार नागपूरला राहायला गेला आणि मागे राहिलं तेवढं नाव. नोकरी नसलेल्या माणसाला गाव 'दिवाणजी' म्हणतं तेव्हा त्यात मान किती आणि टोमणा किती, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. सोमाजी सगळा मानच समजून घेत असे.

मालगुजारीबरोबर गावचा तलावही सरकारजमा झाला. मागच्या पावसाळ्यात त्या तलावाची पाळ मधोमध फुटली. आता हिशेब बघा. फुटलेली पाळ सरकारची. तिच्यातून वाहून गेलेलं पाणी सरकारचं. आणि पाण्यावाचून करपलेलं धान तेवढं आमचं! ज्यांनी कायदा केला त्यांच्या ताटात भात येतो तो कुठून येतो, हे त्यांना एकदा कुणीतरी विचारायला हवं. पण ते असो.

गाव पैसा मागत नव्हतं, मजूर मागत नव्हतं. पाळ बांधायला घरटी एक माणूस निघणार होता, जशी रीतच होती. पण माती काढायची ती टेकडी जंगल खात्याची, आणि पाळेत ठोकायच्या लाकडी बल्ल्याही जंगलातल्या. जंगलाचा नाकेदार येऊन सांगून गेला होता, "एक टोपलं माती उचललीत त केस करीन."

उन्हाळ्यात चावडीसमोर सभा भरली. गोंडांच्या वस्तीतला, टोल्यावरचा म्हातारा लालसू म्हणाला, "सरकार कुठी बसते ते सांगा. मी जातो. म्हनतो, बावा, माती आमी टाकतो, तू फक्त नाई म्हनू नको."

सगळे हसले. सोमाजी हसला नाही, उभा राहिला. आधीचा मराठी अर्ज त्यानेच लिहिला होता. तो इतका सरळ आणि सोपा होता की कार्यालयाला पहिल्याच वाचनात समजला, आणि समजल्याबरोबर परत आला: माती वन खात्याकडे मागावी, पाळ पाटबंधाऱ्यांकडे, तलाव महसुलाकडे, तीन स्वतंत्र अर्ज करावे. सोमाजीने तीन केले. प्रत्येक खात्याने कळवलं की आधी दुसऱ्या दोघांची परवानगी आणा.

"आता मी इंग्रजीत लिहितो," सोमाजी म्हणाला. "मराठी अर्ज बाहेर बाकावर बसून राहतो. इंग्रजी अर्जाला खुर्ची मिळते. मृग लागायच्या आत परवानगी नाही आणली, तर मले दिवाणजी म्हनू नका."

"मंग काय म्हनू?" नथ्थूने मागून विचारलं.

"तुले जे म्हनतात ते," सोमाजी म्हणाला, आणि घरी जाऊन डिक्शनरी खाली काढली.

या डिक्शनरीची हकीकत अशी. जंगल बंगल्यातला गोरा साहेब देश सोडून गेला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात दोन भागांची, उशीएवढी जाड डिक्शनरी होती. जोड फोडू नये एवढी अक्कल माणसाला चपलांच्या बाबतीत असते, पुस्तकांच्या बाबतीत नसते. लिलाव करणाऱ्याने दोन भाग वेगवेगळे पुकारले. पहिल्या भागाला सोमाजीने बोली लावली, आणि नथ्थूने ती चढवली. नथ्थूला इंग्रजीतलं उभं-आडवं कळत नव्हतं, पण सोमाजीला काय हवंय हे बरोबर कळायचं. पहिला भाग नथ्थू घेऊन गेला आणि धानाच्या ढोलीच्या झाकणावर ठेवला, उंदरांनी झाकण उचलू नये म्हणून. सोमाजीच्या वाट्याला दुसरा भाग आला. एम ते झेड.

म्हणजे सोमाजीचं इंग्रजी एमपासून सुरू व्हायचं. लहानसहान शब्द शाळेतले होते, पण वजनदार शब्द हवा तर तो एमच्या पुढेच मिळायला हवा. अर्ज लिहायला बसल्यावर त्याला एक गोष्ट दिसली, आणि ती मोठमोठ्या पुढाऱ्यांना अजून दिसलेली नाही. मागायचे शब्द सगळे दुसऱ्या भागात आहेत: पिटिशन, प्रेयर, रिक्वेस्ट, परमिशन, सँक्शन, सिग्नेचर, स्टँप. आणि मिळायच्या गोष्टी पहिल्या भागात: फूड, ग्रांट, हेल्प, जस्टिस, लँड. त्या सगळ्या नथ्थूच्या ढोलीवर!

"जा नं, मांगून आना त्यायच्याकडून," बायको म्हणाली. रंभा तिचं नाव. "त्यायले म्हना, बदल्यात आपला फुटका पाटा ठेवा झाकनावर. उंदराले काय, पाटा काय अन् पुस्तक काय."

"नथ्थूच्या दारात मी जाणार नाही. याच भागात सगळा अर्ज बसवून दाखवतो."

"पुस्तकाची जिद्द हाय का पाळेची?"

सोमाजीने पान उलटलं. बायकोचा प्रश्न बरोबर असला की नवऱ्याला ऐकू येत नाही, हा संसाराचा नियम आहे.

काम सोपं नव्हतं. एका शब्दाचा अर्थ पाहावा तर त्या अर्थातच पहिल्या भागातला शब्द निघायचा, आणि सोमाजी नथ्थूच्या भिंतीकडे बघून दात खायचा. पण पानं उलटता उलटता त्याला एक शोध लागला. काही शब्दांच्या डोक्यावर बारीक क्रूस छापला होता. सगळ्यांच्या नाही, निवडक शब्दांच्या. सोमाजीने विचार केला, पुस्तक साहेब लोकांचं. क्रूस त्यांच्या देवाचा. आपण शुभकार्याच्या कागदावर वर श्री काढतो, तसा यांनी मानाच्या शब्दांवर क्रूस काढला असणार. म्हणजे हे शब्द खास दरबारातले, लाटसाहेबापुढे बोलायचे. साधे शब्द बिनक्रूसाचे, जसे बिनबिल्ल्याचे चपराशी.

झालं! सोमाजीने ठरवलं, अर्जात शक्य तितके क्रूसवालेच घालायचे.

आणि काय एकेक शब्द होते ते! 'परेंडिनेट' म्हणजे काम परवावर ढकलणं. उद्यावर नाही, परवावर. एवढी बारीक सोय ज्या भाषेने करून ठेवली तिच्यात कचेरीचा कारभार चालावा यात नवल काय? 'टार्डिग्रेडस' म्हणजे मंद पावलांचा. 'क्विडनंक' म्हणजे दिसेल त्याला 'काय नवीन?' विचारत हिंडणारा. सोमाजीने समासात पेन्सिलीने लिहिलं, नथ्थू. 'युकॅलिगॉन' म्हणजे ज्याच्या घराला आग लागली आहे असा शेजारी. इथेही सोमाजीला नथ्थूच आठवला आणि क्षणभर बरं वाटलं.

मायन्याला मात्र तो अडला. शेवटी व्हीमध्ये रत्न सापडलं: 'व्हेंट्रिपोटंट', विशाल उदराचा. सोमाजीने हात जोडले. म्हणजे लंबोदर! कुठल्याही कार्याच्या आरंभी ज्याला नमस्कार करायचा तो! साहेबाला गणपतीची उपमा, यापेक्षा मोठा मान कोणता? अर्जाची सुरुवात झाली, 'मोस्ट व्हेंट्रिपोटंट सर'.

अर्ज लिहून झाल्याची बातमी गावभर गेली आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे लाल शाईने लिहा. कुणी म्हणे इंग्रजीत शेवटी दोनदा सही करतात. सगळ्यात शेवटी कुंपणावरून नथ्थूचं डोकं आलं.

"काय नवीन, दिवानजी?"

सोमाजीने समासातल्या पेन्सिलीकडे समाधानाने पाहिलं.

"म्या आयकलं अर्ज झाला. लांब लिहिला ना? साहेबाले लांब पाह्यजे. आखूड अर्ज गरिबाचा वाटते."

"तू तुझे उंदीर सांभाळ."

"उंदीर सांभाळूनच राह्यलो ना, तुया पुस्तकानं!"

सोमाजी पायी गडचिरोलीला गेला. तहसिलीतल्या कारकुनाने अर्ज वरून खाली पाहिला, मग खालून वर पाहिला.

"कोणत्या खात्याचा आहे?"

"त्यात लिहिलंय," सोमाजी म्हणाला.

कारकुनाने पुन्हा पाहिलं. त्याचे कान लाल झाले. शेजारचा कारकून बघत होता. "हां हां, लिहिलंय की," तो म्हणाला, आणि अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी, चांद्याकडे जाणाऱ्या डाकेत टाकला.

पुढे त्या कागदाचं काय झालं ते त्याच्या पाठीवरच्या शेऱ्यांवरून नंतर कळलं. चांद्याला तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. प्रत्येकाने लिहिलं, 'पाहिले. योग्य कार्यवाहीसाठी रवाना.' 'पाहिले' हे अगदी खरं होतं. 'समजले' असं लिहिण्याचं धाडस एकानेही केलं नाही, आणि 'समजले नाही' असं लिहिण्याचं तर त्याहून नाही. इंग्रज गेला, पण त्याची भाषा येत नाही म्हणायची लाज त्याने इथेच ठेवली, आणि आम्ही ती सरकारी मालमत्ता म्हणून जपतो आहोत.

इकडे चिचटोल्यात सोमाजीचा भाव वाढला. ज्याचा अर्ज परत येत नाही तो माणूस मोठा. मराठीतले चारही आठवड्याच्या आत परत आले होते, हा आला नव्हता. नथ्थूला ते सहन होईना. सगळं श्रेय दुसऱ्या भागाला? मग पहिला भाग घरात असून काय उपयोग? एका सकाळी तो ढोलीवरचं पुस्तक धोतराच्या सोग्याने पुसत सोमाजीच्या ओट्यावर आला.

"घे बावा. गावच्या कामात माहा बी हात लागू दे. उद्या पाळ झाली त लोक म्हनतीन, आर्धी डिक्शनरी नथ्थूची होती."

सोमाजीला गहिवरून आलं. रंभाने दोघांना चहा दिला. सोमाजीने पुस्तकावरची धानाची फोलं झटकली, कोपरा उंदरांनी कुरतडला होता, आणि पहिलं पान उघडलं. त्या पानावर डिक्शनरीतल्या खुणांचा खुलासा होता. अशा खुलाशाची जागा पहिल्याच भागात असते. अमक्या खुणेचा अर्थ अमका, तमक्या खुणेचा तमका. आणि क्रूस: हा शब्द मेलेला आहे, आता कुणी वापरत नाही.

सोमाजीच्या हातातला चहा तसाच राहिला.

"काय लिहिलं हाय?" नथ्थूने विचारलं.

"काही नाही," सोमाजी म्हणाला.

गोऱ्यांच्या स्मशानात मातीवर क्रूस उभा करतात हे त्याने सिरोंच्याच्या वाटेवर डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी डोक्यात प्रकाश पडला नव्हता! भाषेच्या कबरी उकरून त्याने मुडदे गोळा केले होते, त्यांची तिरडी बांधली होती आणि वर तिकीट लावून ती चांद्याला पाठवली होती. आता कुणी शिकलेला साहेब ती वाचेल, खुर्चीत मागे रेलून हसेल, आणि चिचटोल्याचं नाव जिल्ह्यात चेष्टेचं होईल. मृग तर आठ-पंधरा दिवसांवर आला होता.

पण सोमाजी हट्टी माणूस. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तहसिलीत उभा राहिला.

"मला अर्ज मागे घ्यायचा आहे."

"मागे घ्यायला अर्ज करावा लागतो," कारकून म्हणाला. "मूळ अर्जात काय म्हटलं होतं ते त्यात नमूद करा."

"तुमच्याकडे मूळ अर्ज आहे ना?"

"तो वर आहे. आणि तुम्हाला सांगायला हरकत नाही," कारकून आवाज खाली आणत म्हणाला, "वर त्याची फार चर्चा आहे. नायबसाहेब स्वतः मोक्यावर येत आहेत चौकशीला. बी.ए. आहेत. नागपूरचे."

सोमाजी घरी आला आणि न जेवता झोपला. रंभाने उठवून खाऊ घातलं. "साहेब येऊन राह्यला त चांगलंच हाय नं," ती म्हणाली. "तुमी काऊन मयतीवरून आल्यावानी बसले?"

"मयतीच आहे," सोमाजी म्हणाला.

नायब तहसीलदार आले ते तलावाच्या पाळेजवळ, मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले. गाव गोळा झालं. नाकेदार मागे उभा राहिला. साहेबांच्या मांडीवर तो अर्ज होता आणि साहेबांचं पोट त्या अर्जावर टेकलेलं होतं. ते पोट पाहिलं आणि सोमाजी नथ्थूच्या मागे सरकला. मायना सत्य निघाला होता.

"अर्जदार कोण?"

"मी. सोमाजी बोबाटे."

"इंग्रजी बरं आहे तुमचं," नायबसाहेब म्हणाले. त्यांनी अर्ज डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खाली ठेवला. "तर आता असं करा, तुमची मागणी काय आहे ती पंचांसमोर तोंडी सांगा. थोडक्यात."

सोमाजी सांगणारच होता. पाळ, माती, बल्ल्या. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात त्याला नाकेदार दिसला. नाकेदाराने कान टवकारले होते, मागणी समजली रे समजली की तो म्हणणार होता, साहेब, माती आमच्या खात्याची. आणि साहेब म्हणणार होते, मग तीन स्वतंत्र अर्ज करा. सोमाजीने साहेबांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कपाळावर घामाचा थेंब होता, आणि नजर कागदावर टिकत नव्हती. दिवाणगिरीत सोमाजीने आयुष्य घालवलं होतं. न वाचता सही करणारा आणि वाचूनही न कळलेला, हे दोन्ही चेहरे तो अंधारातसुद्धा ओळखत असे.

या माणसाला एक अक्षर कळलेलं नाही! सोमाजी नथ्थूच्या मागून पुढे आला.

"साहेब, अर्जात सगळं सविस्तर आहे," तो म्हणाला. "आपण वाचलाच असेल."

"वाचला म्हणजे? बारकाईने वाचला."

"मग मी अडाण्याने तोंडी काय सांगावं? आपल्यासारख्या विद्वानापुढे माझ्या तोंडून चूक व्हायची."

"अवो साहेब," नथ्थूला राहवेना, "ते पाळेची मा..."

सोमाजीने टाच उचलली आणि नथ्थूच्या अंगठ्यावर ठेवली, सगळा भार देऊन.

"आई माय वो!"

"यांना काय झालं?" नायबसाहेबांनी विचारलं.

"इंग्रजीचा विषय निघाला की असं होतं त्यांना," सोमाजी म्हणाला. "साहेब, एकच विचारतो. अर्जात आपल्याला कायद्याला सोडून काही आढळलं का? आढळलं असेल तर तो शब्द दाखवावा. मी खुलासा करतो."

नायबसाहेबांनी अर्जावर बोट फिरवलं. बोट एका शब्दावर थांबलं, दचकून पुढे गेलं. दाखवायचा तर शब्द उच्चारावा लागणार होता.

"कायद्याला सोडून तसं काही नाही," ते म्हणाले. मग एकदम सुटका सापडल्यासारखे मागे वळले. "वन खात्याची काही हरकत? हे घ्या, वाचा."

नाकेदाराच्या हातात कागद आला. त्याने तो बराच वेळ धरला. शेजारी सोमाजी येऊन उभा राहिला आणि मायेने म्हणाला, "काही अडलं तर सांगा हो."

"अडाले काय झालं? शाळा शिकलो ना मी बी," नाकेदार म्हणाला. "हरकत... तशी नाई, साहेब."

नायबसाहेबांनी पेन उघडलं आणि अर्जावर झोकात लिहिलं, 'अर्जात नमूद केल्याप्रमाणे परवानगी आहे.' खाली सही, खाली शिक्का. गावाला श्वास घ्यायची आठवण झाली.

निघताना त्यांनी सोमाजीला बाजूला बोलावलं.

"बोबाटे, हे जे तुम्ही संबोधन वापरलंय आम्हाला," ते हळूच म्हणाले, "ते जरा जुनं वाटतं, नाही?"

"जुनं आहे, साहेब. आता कुणाला लावत नाहीत. म्हटलं, आपल्याला शोभेल."

नायबसाहेबांनी पट्टा पोटावर वर सरकवला. "असू द्या, असू द्या," ते प्रसन्नपणे म्हणाले.

त्याच दुपारी टेकडीवर पहिली कुदळ पडली. घरटी एक माणूस ठरला होता, आले घरटी दोन. लालसूच्या टोल्यावरच्या बायका माती वाहत होत्या, रंभा आणि नथ्थूची बायको शकुबाई त्यांच्या ओळीत होत्या, आणि नथ्थू अंगठ्याला चिंधी बांधून लंगडत पाळेवर फिरून सगळ्यांना सांगत होता की कुठी किती माती टाकायची. कुणी ऐकत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नाकेदार परत आला.

"ह्या सागाच्या बल्ल्या? कोनाले इचारून कापल्या?"

"अर्जात आहे," सोमाजी म्हणाला आणि कागद पुढे केला.

नाकेदाराने शिक्का पाहिला. "अन् हे बांबू?"

"अर्जात आहे."

"अन् डबक्यातली मासोळी काऊन पकडून राह्यले तुमी लोक?"

"वाचा ना," सोमाजी म्हणाला. "तुमच्यापुढेच मंजूर झालं. आपणच म्हणाला होता, हरकत नाही."

नाकेदार वाचत उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. मग त्याने कागदाची नीट घडी करून सोमाजीच्या हातात दिली आणि दोन मासोळ्या घेऊन निघून गेला.

मृगाच्या आत पाळ उभी झाली. आखाडात तलाव काठोकाठ भरला तेव्हा सगळं गाव पाळेवर जाऊन बसलं, ती कुठे घाम सोडते का बघत. पाळेने पाणी धरलं. रोवणी झाली. गावाने दिवाणजी म्हणायचं थांबवलं नाही, पण श्रेय दिलं ते इंग्रजीला. "काय भाषा हाय बावा!" लोक म्हणायचे. "मेली तरी काम करते." ही मेल्याची गोष्ट रंभाने विहिरीवर सांगितली होती. सोमाजीला ते फार लागलं. त्याने मनाशी पक्कं केलं की पुन्हा असा अर्ज लिहायचा नाही. आता दोन्ही भाग आपल्याकडे आहेत. आता स्वच्छ, जिवंत, पोराटोरालाही कळेल असं इंग्रजी लिहायचं.

पोळा झाल्यावर जंगलातल्या एका गावाहून इतवारी मडावी आणि त्याच्याबरोबर चार माणसं आली. ओट्यावर बसली, पाणी प्याली. त्यांच्या गावच्या मोहाच्या झाडांखालची फुलं वेचायला बंदी घातली होती. त्यांना अर्ज पाहिजे होता.

सोमाजीने बाह्या मागे सारल्या. दोन्ही भाग समोर मांडले. "लिहून देतो," तो म्हणाला. "आणि या वेळेस असा सोपा लिहितो की साहेबाला एका वाचनात समजला पाहिजे."

इतवारीने घाईने त्याचा हात धरला.

"नाई, दिवानजी. तसा नोको. तसा आमी दिला होता. साहेबाले समजला, अन् समजला म्हून त नाई म्हनला."